लिंबू, तांबं आणि आजीचं पातेलं: ग्लासातले न दिसणारे धोके

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो अशांसाठी, नेहमीप्रमाणे लिखित स्वरूपात. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज सुरुवात माझ्याच एका घोळापासून करायची आहे. हा घोळ मी बरेच दिवस कुणाला सांगत नव्हतो, पण आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मावसभावाचं लग्न ठरलं आणि आम्ही भावंडांनी पुण्यात त्याच्या घराच्या गच्चीवर छोटीशी पार्टी ठरवली. पंधरा-सोळा जण. ड्रिंक्सची जबाबदारी माझ्याकडे. मी नुकतंच एक रील बघितलं होतं. तांब्याचं चकचकीत भांडं, त्यात लिंबू, आलं, पुदिना, वरून बर्फ. इतकं भारी दिसत होतं की विचारू नका. आणि आमच्या आजीकडे लग्नकार्यात वापरायची तांब्याची दोन मोठी पातेली माळ्यावर पडून होती. मी ती खाली काढली, चिंच आणि मीठ लावून बाहेरून घासली, लखलखीत केली आणि दुपारी तीनलाच भरून ठेवली. एकात लिंबाचा रस, आल्याचा रस, साखरेचा पाक आणि व्होडका. दुसऱ्यात तेच सगळं, फक्त व्होडका नाही, कारण निम्मी मंडळी न पिणारी. पार्टी सुरू झाली आठ वाजता.

साडेनऊला पहिली उलटी. दहा वाजेपर्यंत सहा जणांना पोटात कळा आणि मळमळ. आता अशा वेळी लोक काय म्हणतात? "झेपली नाही." कुणी म्हणालं पनीर शिळं असेल. पण एक गोष्ट जुळत नव्हती. सहापैकी तिघांनी दारूला हातसुद्धा लावला नव्हता. त्यात माझी होणारी वहिनी होती. बिचारी सासरच्या घरी पहिल्यांदा आलेली, आणि सगळी रात्र तिने बाथरूममध्ये काढली.

सकाळी आजी वर आली. तिने पातेल्याच्या आतून बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, याला कल्हई कुठाय? कल्हई उडालेल्या भांड्यात आम्ही आमटी ठेवत नव्हतो, आणि तू पाच तास लिंबू ठेवलंस? कळकलं की ते!"

कळकलं. हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. पितळीत ताक ठेवलं की कळकतं. पण तो शब्द माझ्यासाठी स्वयंपाकघरातला होता, पार्टीतला नव्हता.

तर आजचा विषय हाच. ग्लासात दारू किती आहे याची काळजी सगळे करतात, आणि करायलाच हवी. पण त्यात बाकी काय आहे आणि ते कशात ठेवलं होतं, हे कुणी विचारत नाही. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मॉकटेललाही लागू आहे. म्हणून "मी पीत नाही" म्हणून पुढे ढकलू नका. आणि जे घेतात त्यांना एक आठवण: महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी कायद्याने वय २५ आहे. हा भाग "प्या" असं सांगायला नाही, "काय पिताय ते बघा" असं सांगायला आहे.

तांबं आणि आंबट

आधी माझ्या पातेल्याचं शास्त्र बघू. मी चिंचेने तांबं घासलं तेव्हा काय झालं? चिंचेतल्या आम्लाने तांब्यावरचा काळपट थर विरघळवला आणि खालचं तांबं उघडं पडलं. बरोबर? मग आतमध्ये लिंबाचा रस पाच तास दुसरं काय करत होता? तेच. फरक एवढाच की चिंचेचं पाणी मी मोरीत ओतलं आणि लिंबाचं पाणी पाहुण्यांना दिलं.

तांबं शरीराला लागतं, पण अगदी थोडं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्याच्या बरंच वर गेलं की पोट लगेच तक्रार करतं: तोंडाला धातूची चव, मळमळ, उलटी, कळा, जुलाब.

बारमध्ये 'मॉस्को म्यूल' नावाचं ड्रिंक तांब्याच्या मगात देतात. नाव रशियन असलं तरी ते १९४० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालं. व्होडका, जिंजर बिअर आणि लिंबू. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्य विभागाने सूचना काढली की ज्या पदार्थाचा पीएच ६ पेक्षा कमी आहे, तो थेट तांब्याला लागता कामा नये. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. म्हणजे म्यूल या नियमात सरळ अडकतो. उपाय काय? मग बाहेरून तांब्याचा, आतून स्टीलचा किंवा निकेलचा. चांगले मग तसेच मिळतात. विकत घेताना आत डोकावून बघा. आतला रंग पांढरा-चंदेरी असेल तर ठीक. आतूनही तांबूस असेल तर तो शोकेसमध्ये ठेवा.

आपल्याकडे हीच गोष्ट कल्हईवाला करायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि कथील कापसाच्या बोळ्याने आतून पसरवायचं. बारच्या मगातलं स्टीलचं अस्तर म्हणजे आपली कल्हईच.

आता प्रामाणिकपणे सांगतो, अस्तर नसलेल्या मगात एखादं ड्रिंक दिलं आणि तुम्ही ते पंधरा मिनिटांत संपवलं, तर बहुतेक वेळा काही होणार नाही. वेळ जितका जास्त, आंबटपणा जितका जास्त, तितकं तांबं जास्त उतरतं. माझी चूक भांड्याची होती, तशीच पाच तासांचीही होती.

आणि हो, कमेंटमध्ये विचारणारच तुम्ही, म्हणून आधीच सांगतो. "आम्ही रोज तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितो, त्याचं काय?" साधं पाणी आंबट नसतं, ते चालतं. पण त्याच तांब्यात लिंबू-मध किंवा ताक ठेवू नका. सोडासुद्धा नको. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनवतो. सोडा मशिनमधलं पाणी उलटं तांब्याच्या पाइपमध्ये शिरून लोकांना विषबाधा झाल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. म्हणून तिथे अशा मशिनला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

धूर निघतोय तोवर थांबा

आता लग्नांच्या रिसेप्शनमध्ये दिसणारी गोष्ट. धूर. स्मोक पान, स्मोक बिस्किट, धूर सोडणारं मॉकटेल. व्हिडिओत भारी दिसतं, म्हणून तर ठेवतात.

हा धूर दोन गोष्टींतून येतो. एक लिक्विड नायट्रोजन. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. दुसरा ड्राय आइस, म्हणजे घट्ट केलेला कार्बन डायऑक्साइड, साधारण उणे ७८ अंश. आपल्या घरच्या फ्रीझरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं, यावरून अंदाज करा.

लिक्विड नायट्रोजनचे धोके दोन. पहिला थंडीचा: तो ज्याला लागेल ते मांस गोठवून मारतो, भाजल्यासारखं. दुसरा कमी लोकांना माहीत असतो. द्रवाचा वायू झाला की त्याचं आकारमान सुमारे ७०० पट होतं. घोटभर द्रव पोटात गेला, तर तो तिथे फुगणार. आणि बाहेर पडायला तेवढी वाट नाही.

२०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर शहरात एक मुलगी अठरावा वाढदिवस साजरा करत होती. बारमध्ये तिला धूर निघणारं कॉकटेल दिलं. तिने ते प्यायलं, पोटाला भोक पडलं आणि जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना तिचं जठर काढावं लागलं. पुढे २०१५ मध्ये न्यायालयाने त्या बारला एक लाख पौंड दंड केला. विचार करा, वय अठरा, आणि पुढचं सगळं आयुष्य जठराशिवाय जेवायचं.

हे फक्त तिकडेच होतं असं नाही. २०१७ मध्ये गुरुग्राममधलं असंच प्रकरण गाजलं. एका तरुणाने धूर विरायच्या आत कॉकटेल प्यायलं आणि त्याच्याही पोटाला भोक पडलं. त्यानंतर हरियाणा सरकारने खाण्यापिण्यात लिक्विड नायट्रोजन वापरण्यावर बंदी आणली. २०२४ मध्ये स्मोक बिस्किट खाऊन एका लहान मुलाला त्रास होतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, तुम्हीही पाहिला असेल. तेव्हा तमिळनाडू आणि कर्नाटकातही निर्बंध आले. त्याच वर्षी गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवणानंतर माउथ फ्रेशनर म्हणून चुकून ड्राय आइस दिला गेला. पाच जणांच्या तोंडातून रक्त यायला लागलं. खडा पांढरा, साखरेसारखा. देणाऱ्यालाही कळलं नाही आणि घेणाऱ्यालाही.

ड्राय आइसबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. साधा बर्फ तरंगतो, ड्राय आइस बुडतो. म्हणजे तुकडा ग्लासच्या तळाशी बसतो आणि शेवटच्या घोटाबरोबर तोंडात येऊ शकतो. दुसरं, तो बंद बाटलीत, थर्मासमध्ये किंवा शेकरमध्ये कधीच ठेवू नका. वायू साठतो आणि भांडं फुटतं. बंद खोलीतही तो वायू साठतो. २०२० मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाला धूर यावा म्हणून पोहण्याच्या तलावात ड्राय आइस ओतला. तीन माणसं मेली.

मग नियम काय? धूर पूर्ण थांबल्याशिवाय ओठांना लावायचं नाही. आणि हातात देणाऱ्याने "लगेच तोंडात टाका, धूर नाकातून येईल" असं सांगितलं, तर नम्रपणे "नको दादा" म्हणायचं. लहान मुलं बरोबर असतील तर त्या स्टॉलकडे जायचंच नाही.

काळं ड्रिंक आणि तुमची गोळी

तिसरी गोष्ट. काळं कुळकुळीत लेमोनेड, काळं आइस्क्रीम, काळं कॉकटेल. हा रंग बहुतेक वेळा ॲक्टिव्हेटेड चारकोलचा असतो. खाली लिहिलेलं असतं "डिटॉक्स".

गंमत बघा, हे 'डिटॉक्स' पूर्ण खोटं नाही, आणि तोच प्रॉब्लेम आहे. कुणी विषारी काही प्यायलं तर हॉस्पिटलमध्ये खरोखरच चारकोल देतात. त्याच्या कणांवर असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. पोटातली रसायनं त्यांना चिकटतात आणि शरीराबाहेर जातात. पण चारकोलला विष कोणतं आणि औषध कोणतं हे कळत नाही. तुम्ही तासाभरापूर्वी घेतलेली थायरॉइडची गोळी, डिप्रेशनची गोळी, फिट्सचं औषध, गर्भनिरोधक गोळी, यांपैकी काहीही त्याला चिकटू शकतं. तुम्हाला वाटतं गोळी घेतली. शरीराला ती पूर्ण मिळालेलीच नसते.

आणि बातमी अशी की दारू चारकोलला फारशी चिकटत नाही. म्हणजे हँगओव्हर टळेल म्हणून पीत असाल तर तेही नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने हॉटेलांना खाण्यापिण्यात चारकोल वापरायला मनाई केली.

याच्या बरोबर उलट काम ग्रेपफ्रूट करतं. म्हणजे आपल्या पपनसाचं ते कडवट भावंड. ते काही औषधं शरीरात मोडू देत नाही, त्यामुळे नेहमीचाच डोस जास्त झाल्यासारखा होतो. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यात येतात. रोज काही औषध घेत असाल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना हे दोन्ही विचारून ठेवा. लाजायचं काय त्यात?

घरी बनवलेलं म्हणजे सुरक्षित?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. लॉकडाऊनपासून आपल्यापैकी अनेकांना घरी काहीतरी मुरवायची आवड लागली. घरचं टॉनिक, घरचे बिटर्स, मसाला घातलेली जिन. छंद छान आहे. पण एक गोष्ट आधी समजून घ्या: अल्कोहोल हे विद्रावक आहे. पाण्यात जे उतरत नाही ते त्यात उतरतं. म्हणूनच वनस्पतींचे अर्क, टिंक्चर अल्कोहोलमध्ये काढतात. मग चवीबरोबर बाकीचंही उतरणारच.

टॉनिक वॉटर घ्या. त्याचा कडूपणा क्विनाईनचा, ज्याला आपले आजोबा कोयनेल म्हणायचे. मलेरियाचं औषध. ते सिंकोनाच्या सालीतून मिळतं. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ब्रिटिशांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे लावलं. कारखान्यातल्या टॉनिकमध्ये क्विनाईन मोजून घालतात. अमेरिकेत त्याची मर्यादा दहा लाख भागांत ८३ भाग, म्हणजे लिटरमागे साधारण ८३ मिलिग्रॅम. पण तुम्ही ऑनलाइन साल मागवली, पावडर उकळली आणि गाळली, तर त्यात किती उतरलं हे कसं मोजणार? चवीवरून कळत नाही. बारीक पावडर गाळणीतून खालीही जाते. जास्त झालं की कान वाजायला लागतात, डोकं दुखतं, नजर धूसर होते, मळमळतं. आणखी जास्त झालं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. काही थोड्या लोकांना तर अगदी कमी क्विनाईननेही प्लेटलेट्स घसरण्याची रिॲक्शन येते. टॉनिक विकतचं आणा, विषय संपला.

वेखंड. आपल्या घरात बाळगुटीत उगाळतात, म्हणून "काय होतंय त्याला" असं वाटतं. जुन्या बिटर्सच्या पाककृतींतही ते असायचं. पण त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॅन्सर दिसला, आणि अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. बाटलीभर अल्कोहोलमध्ये आठवडाभर मुरवणं म्हणजे सहाणेवरचे दोन वळसे नव्हेत.

जायफळ. श्रीखंडात चिमूटभर, अप्रतिम! पण साधारण ५ ग्रॅम, म्हणजे जवळपास एक अख्खं जायफळ, एका माणसाच्या पोटात गेलं तर धडधड, उलट्या, भास, आणि त्रास दुसऱ्या दिवसापर्यंत. आता रीलमध्ये दाखवतात तशी चार-पाच जायफळं फोडून बाटलीत टाकली, तर एका पेगमध्ये किती येईल? कुणालाच सांगता येणार नाही.

तंबाखू घालून 'स्मोकी' दारू करणारेही आहेत. हे तर अजिबात नको. निकोटिन अल्कोहोलमध्ये सहज उतरतं आणि प्यायल्यावर ते सिगारेटच्या हिशोबात चालत नाही. तसंच कडू बदाम आणि जर्दाळूच्या कडू बिया. फोडल्या-वाटल्या की त्यातून सायनाइड तयार होतं.

फूल कुठलं आहे?

ड्रिंकवर फूल ठेवायची फॅशन आहे. गोकर्णाचं निळं पाणी लिंबू पिळल्यावर जांभळं होतं, मजा वाटते. गोकर्ण, जास्वंद, गुलाब ही ओळखीची फुलं. पण "फूल आहे, सजावटच तर आहे" म्हणून सोसायटीच्या कुंपणावरची कण्हेर खुडून ठेवू नका. कण्हेरीच्या पानाफुलांत हृदयावर काम करणारं विष असतं. २०२४ मध्ये केरळमध्ये एका तरुणीच्या मृत्यूनंतर त्रावणकोर देवस्वम बोर्डाने नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं. देवाच्या ताटातून ती बाहेर गेली, मग आपल्या ग्लासात कशाला? धोतरा तर सांगायलाच नको.

आणि फूल योग्य असलं तरी ते कुठून आलं? फुलबाजारातला गुलाब खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर काय फवारलंय आपल्याला माहीत नसतं. घरच्या कुंडीतला न फवारलेला असेल तरच वापरा, नाहीतर पुदिना आहेच की.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. बीचवर बसून लिंबं पिळू नका. लिंबाच्या सालीत असे घटक असतात की ते त्वचेवर लागले आणि त्यावर ऊन पडलं, तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. नंतर काळे डाग आठवडे-महिने टिकतात. लिंबू पिळायचं तर सावलीत, आणि नंतर साबणाने हात धुवा. हात नुसते पुसून चालत नाही.

जुन्या बाजारातलं डिकँटर

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात काचेची जड, नक्षीदार सुरई दिसली की हात थांबत नाही. पण जुन्या क्रिस्टलच्या काचेत शिसं असू शकतं, बऱ्याचदा वजनाच्या २४ टक्के किंवा जास्त लेड ऑक्साइड. त्यानेच ती जड आणि चमकदार होते. त्यात वाइन किंवा व्हिस्की महिनोन्‌महिने ठेवली की शिसं उतरतं. १९९१ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर संशोधन छापून आलं. चार महिने डिकँटरमध्ये ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिसं अनेक पटींनी वाढलेलं होतं.

शिशाचा इतिहास जुना आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या डेव्हन भागात सफरचंदाची सायडर पिणाऱ्यांना पोटशूळ उठायचा, हातपाय लुळे पडायचे. लोक म्हणायचे, सायडर आंबट आहे म्हणून. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरने दाखवलं की दोष सायडर गाळायच्या यंत्रातल्या शिशाचा आहे. म्हणजे बघा, पुन्हा तेच: पेयाला दोष, भांडं सुटलं.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. म्हणून जुनं डिकँटर आवडलं तर आणा, पण त्यात साठवू नका. पाहुण्यांसमोर फार तर तासाभरासाठी वापरा आणि उरलेलं परत बाटलीत ओता. शंका असेल तर त्यात मनी प्लांट लावा. खरंच सांगतोय, छान दिसतो.

आणि शेवटी, बर्फ

बर्फाकडे कुणीच बघत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने ठरवलं की खाण्यासाठी नसलेला बर्फ, म्हणजे मासे वगैरे ठेवायचा, त्यात निळा रंग घालायचा, म्हणजे तो सरबतात जाणार नाही. तेव्हा गोळेवाल्याकडे किंवा कुठेही बर्फाला निळसर झाक दिसली तर ते ग्लास परत करा. आणि रंग नसला म्हणजे चांगल्या पाण्याचाच आहे असंही नाही. "दारूत जंतू मरतात" यावर विसंबू नका. सोडा, रस, बर्फ घातलेल्या ड्रिंकमध्ये अल्कोहोल इतकं पातळ होतं की जंतूंना फारसा फरक पडत नाही. कच्च्या अंड्याचा फेस घातलेल्या ड्रिंकलाही हेच लागू.

घरच्या पार्टीत एक चूक हमखास होते. बर्फाच्या डब्यात काचेचा ग्लासच घालून बर्फ काढतात. ग्लासची कड टिचली तर काचेचा तुकडा बर्फात दिसणारही नाही. बार चालवणाऱ्यांचा साधा नियम आहे: बर्फाजवळ काच फुटली की सगळा बर्फ टाकायचा, डबा धुवायचा, नवा भरायचा. वेचत बसायचं नाही. घरी स्टीलचा डाव ठेवा, झालं काम.

जाता जाता

मंडळी, इतकं सगळं लक्षात राहणार नाही, मला माहीत आहे. म्हणून चारच प्रश्न लक्षात ठेवा. भांडं कशाचं आहे? यात नक्की काय काय घातलंय? ते किती घातलंय हे मोजलंय का? आणि किती वेळ ठेवलंय? बारमध्ये हे विचारलं तर चांगला बारटेंडर चिडत नाही, उलट खूश होऊन सांगतो. जो "काही होत नाही हो" म्हणतो, त्याच्याकडून साधा लिंबू सोडा घ्या. काचेच्या ग्लासात!

आणि कुणाला त्रास झालाच तर लगेच "चढली" म्हणून झोपवू नका. पोटात जोराची कळ, रक्ताची उलटी, श्वास लागणं, छातीत धडधड, शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. स्वतःहून उलटी काढायला लावू नका. डॉक्टरांना काय प्यायलं ते खरं सांगा, उरलेला ग्लास किंवा बाटली बरोबर न्या. ओरडा खावा लागेल म्हणून लपवू नका. आमच्या पार्टीतही आम्ही रात्रभर घरात लपवत बसलो, आजीला सांगितलं नाही. रात्री दहालाच सांगितलं असतं तर निदान पुढचे ग्लास तरी भरले गेले नसते. दुसरं पातेलं आम्ही साडेदहापर्यंत वाटत होतो, "न पिणाऱ्यांचं आहे, हे बरं" म्हणून. याचं मला अजून वाईट वाटतं.

वहिनी आता घरचीच झाली आहे. मी काहीही हातात दिलं की आधी आत डोकावते आणि विचारते, "भावजी, कल्हई आहे ना?" सगळे हसतात. मीही हसतो. पण उत्तर देतो.

पातेल्यांचं म्हणाल तर कल्हईवाला शोधायला दोन महिने लागले. आता ती आतून चांदीसारखी दिसतात. आजी त्यात लग्नाची आमटी करून मगच परत माळ्यावर ठेवू म्हणाली, आणि केलीही.

तुमच्या घरात असा एखादा शब्द आहे का, जो आजीला माहीत होता आणि आपण विसरलो? कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, पाणी प्या, आणि ग्लासात आधी डोकावून बघा.